लॅपटॉपसाठी वायरलेस माउस घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. "लॅपटॉप घेतला, आता माउस कुठला घेऊ?" प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम मात्र माझा आहे: आधी जोडणी, मग हात आणि डीपीआय (माउस हलवल्यावर कर्सर किती सरकतो तो आकडा) अगदी मागे. दुकानात बहुतेक वेळा उलट्या क्रमाने सांगतात, कारण खोक्यावर डीपीआयचा आकडाच सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

टचपॅड असताना माउस लागतोच का?

सगळ्यांना नाही. मेल वाचणं, व्हिडिओ बघणं, टायपिंग एवढंच काम असेल तर टचपॅडवर भागतं. टॅलीवर दिवस काढणाऱ्यांचा हात तसाही कीबोर्डवरून उठत नाही. पण एक्सेलमध्ये शंभर ओळी ओढून निवडायच्या असतील, ऑटोकॅड किंवा फोटोंचं काम असेल, तर माउस घ्याच. टचपॅडवर बोट घासत ओढून सोडण्यातला वेळ आणि वैताग वाचला की दोन दिवसांत माउसची किंमत वसूल होते.

डोंगलवाला घ्यावा की ब्लूटूथवाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर तुमच्या लॅपटॉपकडे बघून द्यावं लागतं.

डोंगलवाल्या माउससोबत नखाएवढा रिसिव्हर येतो. तो यूएसबी पोर्टमध्ये खोचला की काम सुरू, जोडणी वगैरे काही करावी लागत नाही. विंडोज सुरू होण्याआधी, म्हणजे बायोसमध्ये किंवा विंडोज नव्याने टाकतानाही तो बहुधा चालतो. लॅपटॉप फॉरमॅट केला तरी फरक पडत नाही. तोटा एकच: एक पोर्ट कायमचं अडतं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला मोठी पोर्ट मुळात एक किंवा दोन असतात, त्यामुळे हा तोटा किरकोळ नाही.

ब्लूटूथवाल्याला पोर्ट लागत नाही आणि हरवायला डोंगलही नसतो. पण तो एकदा पेअर करावा लागतो. विंडोज नव्याने टाकली तर पुन्हा करावा लागतो. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना तर बाजू बदलली की माउस ओळखच दाखवत नाही, असा अनुभव येतो. याचं कारण प्रत्येक सिस्टीम जोडणीची आपली वेगळी किल्ली बनवते. काही लॅपटॉप वीज वाचवायला ब्लूटूथ झोपवतात, मग चहा पिऊन आल्यावर पहिले एक-दोन सेकंद कर्सर हलत नाही. हा त्रास डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथचा वीजबचतीचा पर्याय बंद केल्यावर बऱ्याचदा जातो.

लॅपटॉप जुना असेल तर आणखी एक गोष्ट बघा. आजचे बरेचसे ब्लूटूथ माउस 'लो एनर्जी' प्रकारचे असतात. त्यांना ब्लूटूथ 4.0 किंवा पुढची आवृत्ती लागते. विंडोज 7 ला हा प्रकार मुळातून कळत नाही. अशा लॅपटॉपला डोंगलवालाच घ्या, विषय संपला.

मला स्वतःला विचाराल तर दोन्ही असलेला घ्या. खाली छोटं बटण असतं, एकदा दाबलं की डोंगल, पुन्हा दाबलं की ब्लूटूथ. दोन-तीनशे रुपये जास्त पडतात, पण पुढचा लॅपटॉप बदलला तरी माउस बदलावा लागत नाही.

डोंगल हरवला तर माउस वाया गेला का?

स्वस्त माउसच्या बाबतीत, हो. त्या माउसची जोडी त्याच एका डोंगलशी कारखान्यात लावलेली असते. तसाच दिसणारा दुसरा डोंगल खोचून काही होत नाही.

काही कंपन्यांनी यावर तोड काढली आहे. लॉजिटेकच्या युनिफाइंग डोंगलवर नारिंगी रंगाची छोटी चांदणीसारखी खूण असते. असा एक डोंगल सहा माउस-कीबोर्डांपर्यंत सांभाळतो आणि सुटाही विकत मिळतो. 2021 मध्ये त्याच कंपनीने बोल्ट नावाचा नवा डोंगल आणला, मात्र युनिफाइंगवाला माउस बोल्टवर चालत नाही आणि बोल्टवाला युनिफाइंगवर चालत नाही. सुटा डोंगल मागवताना इथे हमखास घोळ होतो. माउसच्या पोटावर कुठली खूण आहे ते बघूनच मागवा.

बॅगेत टाकताना डोंगल माउसच्या पोटातल्या खाचेत ठेवायची सवय लावा. ती खाच बहुधा सेलच्या झाकणाखाली असते. वर्षभर माउस वापरूनही कित्येकांना तिचा पत्ता नसतो.

माझ्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट आहेत. डोंगल कुठे लावू?

छोटं कन्व्हर्टर लावता येतं, पण लॅपटॉपच्या कडेला ते बोंडासारखं बाहेर डोकावत राहतं आणि बॅगेतून काढता-घालता पोर्टला झटके बसतात. ब्लूटूथ घ्या.

कर्सर अडखळतो, मधेच उडी मारतो. माउस खराब आहे का?

परत करण्याआधी एक गोष्ट तपासा: डोंगलच्या शेजारच्या पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली आहे का?

डोंगल असो वा ब्लूटूथ, दोघेही 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी 3.0 ची केबल आणि पोर्ट काम करताना नेमका याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने 2012 मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं, म्हणजे ही कुणाच्या डोक्यातली शंका नाही. फाइल कॉपी सुरू असताना कर्सर अडखळतो आणि कॉपी संपली की सरळ चालतो, असं होत असेल तर माउस निर्दोष आहे.

उपाय सोपा: डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी 2.0 चं पोर्ट असेल तर उत्तमच. निळ्या रंगाचं पोर्ट सहसा 3.0 चं असतं, त्यापासून लांब राहा. तरीही भागलं नाही तर वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणून डोंगल माउसच्या जवळ आणा. घरातला वायफाय 5 गिगाहर्ट्‌झवर नेला की 2.4 वरची गर्दी आणखी कमी होते. आमच्या सोसायटीत दर भिंतीआड एक राऊटर आहे, तिथे याचा फरक मला स्वतःला जाणवला.

या सगळ्याआधी सेल मात्र बदलून बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

ऑफिसच्या लॅपटॉपला यूएसबी बंद केलेलं आहे. मग?

बऱ्याच कंपन्या फक्त पेन ड्राइव्ह बंद करतात, माउस-कीबोर्ड चालू देतात. काही ठिकाणी मात्र सगळंच बंद असतं, तर काही ठिकाणी ब्लूटूथ बंद असतं. आयटीवाल्यांना एक मेल टाका, मग खरेदी करा.

वायरलेस माउसमधून कुणी लॅपटॉपमध्ये शिरू शकतं का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2016 मध्ये बॅस्टिल या सुरक्षा कंपनीने 'माउसजॅक' नावाची त्रुटी उघड केली. अनेक नामांकित कंपन्यांचे डोंगल माउसच्या नावाखाली आलेले कीबोर्डचे संकेतही मुकाट्याने स्वीकारत होते. म्हणजे जवळपास बसलेला माणूस स्वस्तातला रेडिओ वापरून तुमच्या लॅपटॉपवर अक्षरं टाइप करू शकत होता. ब्लूटूथवाले माउस या त्रुटीत अडकले नव्हते. पुढे काही कंपन्यांनी डोंगलसाठी दुरुस्ती दिली.

घरी अभ्यासाला वापरणाऱ्याने यावरून झोप उडवून घेऊ नये. बँकेत, सीएच्या ऑफिसात किंवा वकिलाकडे काम करणाऱ्याने मात्र अनोळखी नावाचा डोंगल घेण्यापेक्षा ब्लूटूथ किंवा एन्क्रिप्शन (संकेत गुप्त करून पाठवण्याची सोय) असलेला डोंगल घ्यावा.

लॅपटॉपबरोबर न्यायचाय, मग छोटा माउसच बरा ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. लॅपटॉपसाठी म्हणून जो चपटा, साबणाच्या वडीएवढा माउस विकला जातो, तो बॅगेत छान मावतो पण हातात मावत नाही. अर्ध्या तासात बोटं आखडतात, कारण तळहाताला टेकायला काहीच नसतं.

हात मोजा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. साधारण 17 सेंटिमीटरच्या आत असेल तर छोटा माउस चालेल, 17 ते 19 असेल तर मध्यम, त्यापुढे मोठा. हा काही शास्त्रातला नियम नाही, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला पुरतो. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे माउसवर हात ठेवून डोळे मिटायचे. करंगळी टेबलावर घासत असेल, तर माउस अरुंद आहे. क्लिक करायला बोटं मागे ओढावी लागत असतील, तर तो लांबीला कमी पडतोय.

दिवसाला तास-दीड तास, तेही लायब्ररीत किंवा रेल्वेत वापरणार असाल तर चपटा घ्यायला हरकत नाही. घरी टेबलाशी सात-आठ तास बसणार असाल तर बॅगेचा विचार सोडा आणि पाठीला उंचवटा असलेला पूर्ण आकाराचा घ्या. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर 3एस चं वजन 141 ग्रॅम आहे. बॅगेत हे वजन कळतही नाही, हातात मात्र कळतं. काहींना ते आवडतं, काहींना नकोसं होतं. दुकानात हातात घेऊन ठरवायची गोष्ट आहे ही.

मनगट दुखतं. उभा माउस घेतला तर थांबेल का?

उभ्या माउसवर हात हस्तांदोलन करताना राहतो तसा राहतो, त्यामुळे मनगटाजवळचा पीळ कमी होतो. बऱ्याच जणांना बरं वाटतं. पहिला आठवडा कर्सर भलतीकडेच जातो, तेवढी तयारी ठेवा.

पण बहुतेकांचं दुखणं माउसमुळे नसून टेबलाच्या उंचीमुळे असतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, खांदा वर उचलून माउस चालवला तर कुठलाही माउस दुखणार. खुर्चीवर एक उशी घेऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणा आणि आठवडाभर बघा. उशी घरातच असते. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर माउस शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मी डावखुरा आहे. काय बघू?

दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घ्या. अंगठ्यासाठी खोबणी असलेले जवळजवळ सगळे माउस उजव्या हाताचे असतात. लॉजिटेकच्या लिफ्ट या उभ्या माउसची डाव्या हाताची आवृत्ती मिळते, पण असे अपवाद थोडेच. बटणांची अदलाबदल विंडोज 11 मध्ये सेटिंग्जमधल्या 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', त्यातल्या 'माउस' या पानावर पहिल्याच ओळीत होते. घरात उजव्या हाताचं कुणी तोच लॅपटॉप वापरत असेल तर रोजची भांडणं गृहीत धरा.

डीपीआय किती असावा?

आता आलो आकड्यावर. माउस एक इंच हलवला की कर्सर पडद्यावर किती ठिपके सरकतो, तो हा आकडा. आपल्या साध्या लॅपटॉपचा पडदा 1920 ठिपके रुंद असतो. म्हणजे 1000 डीपीआयचा माउस दोन इंचही सरकवावा लागत नाही, तेवढ्यात कर्सर या कडेपासून त्या कडेला पोहोचतो. फोरके मॉनिटर जोडला तरी चार इंचांत काम होतं. मग 16,000 डीपीआयचं करायचं काय? एक अष्टमांश इंचात कर्सर पडद्याबाहेर!

1000 ते 1600 पुरे. डीपीआय कमी-जास्त करणारं बटण असेल तर सोय म्हणून चांगलं, पण त्यासाठी जादा पैसे देऊ नका. वेग विंडोजमधूनही बदलता येतो.

सेलवाला बरा की चार्जिंगचा?

मी सेलवाल्यांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एका एए सेलवर, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलवर, साधा माउस कित्येक महिने जातो; कंपन्या बारा, अठरा, कधी चोवीस महिनेही सांगतात. सेल संपला तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो आणि दहा सेकंदांत माउस पुन्हा चालू. चार्जिंगवाल्याची बॅटरी आतच चिकटवलेली असते. तीन-चार वर्षांनी ती थकली की चांगला माउस बाजूला पडतो, कारण ती बदलून देणारा शोधावा लागतो. ॲपलच्या मॅजिक माउसचं चार्जिंग पोर्ट तर पोटावर आहे, चार्ज होताना माउस उताणा पडून राहतो. 2024 मध्ये त्यांनी टाइप-सी आणलं, पण जागा तीच ठेवली.

सेल घेताना अल्कलाइन घ्या, भिंतीवरच्या घड्याळाचे साधे स्वस्त सेल नकोत. पुन्हा चार्ज होणारे सेलही चालतात. ते 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचे असल्यामुळे काही माउस 'सेल संपत आला' असं लवकर सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत माउस पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल पाझरला की पत्र्यावर पांढरी भुकटी जमते. कानकोरण्याच्या कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन ती पुसा, नीट वाळू द्या. बऱ्याचदा माउस जगतो.

चार्जिंगचाच हवा असेल तर टाइप-सी असलेला आणि वायर लावून वापरता येणारा घ्या.

काचेच्या टेबलावर माउस चालत नाही. असं का?

माउसच्या पोटातला छोटा कॅमेरा पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि दोन फोटोंमधल्या फरकावरून तुम्ही कुठे सरकलात ते ओळखतो. काचेवर किंवा आरशासारख्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर त्याला पकडायला खूणच सापडत नाही. काचेवर चालणारे माउस मिळतात, पण महाग. त्यापेक्षा वहीचा पुठ्ठा ठेवा.

लाल उजेड दिसत नाही म्हणून माउस बंद आहे असं समजू नका. अनेकांचा उजेड डोळ्यांना न दिसणारा असतो.

क्लिकचा आवाज न येणारा घेऊ का?

घरात तान्हं बाळ असेल, हॉस्टेलमध्ये रूम पार्टनर असेल किंवा सतत ऑनलाइन मीटिंग असतील, तर जरूर. बोटाला बटण थोडं मऊ लागतं, दोन दिवसांत सवय होते.

गेम खेळायला हाच चालेल का?

बुद्धिबळ, पत्ते, क्रिकेट, सगळं चालेल. नेमबाजीचे खेळ असतील तर ब्लूटूथ टाळा. साधा माउस सेकंदाला 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो. गेमिंगचा 1000 वेळा. त्यासाठी खास डोंगलवाला गेमिंग माउस लागतो. लॉजिटेक जी304 हा एका एए सेलवर चालणारा माउस मुलांमध्ये बराच लोकप्रिय आहे.

मॅकबुकला कुठला?

कुठलाही ब्लूटूथ माउस जोडला जातो. त्रास चाकाचा होतो. मॅकमध्ये स्क्रोलची दिशा ट्रॅकपॅड आणि माउसला एकच असते; माउससाठी उलटी केली की ट्रॅकपॅडचीही उलटते. वेगळी ठेवायला बाहेरचं छोटं ॲप टाकावं लागतं. मधल्या बोटाला वर्षानुवर्षांची सवय असेल तर हे चांगलंच खटकतं.

एकच माउस घरच्या आणि ऑफिसच्या लॅपटॉपला, शिवाय टॅबला चालेल का?

हो. 'मल्टी-डिव्हाइस' लिहिलेल्या माउसवर दोन-तीन जोड्या साठवता येतात आणि बटणाने बदलता येतात. अँड्रॉइड टॅबला आणि फोनलाही ब्लूटूथ माउस चालतो, आयपॅडला 2020 मधल्या आयपॅडओएस 13.4 पासून. फोनचा पडदा फुटला आणि टच गेला तर आतले फोटो काढून घ्यायला ओटीजी वायर (फोनला यूएसबीची वस्तू जोडणारी) आणि डोंगलवाला माउस कामाला येतात. पडद्यावर थोडंफार दिसत असलं पाहिजे, एवढंच.

किती पैसे घालावेत?

साधारण अंदाज असा: नावाजलेल्या कंपनीचा साधा डोंगलवाला पाचशे ते आठशेत, ब्लूटूथ किंवा दोन्ही असलेला हजार ते दोन हजारांत. त्यापुढे पैसे आकाराचे, बटणांचे आणि चाकाचे. विद्यार्थ्याने हजाराच्या पुढे जाऊ नये असं मला वाटतं. रोज आठ तास माउस धरणाऱ्याने मात्र इथे काटकसर करू नये. दोनशे रुपयांचा बिननावाचा माउस मी एकदा घेतला होता. तिसऱ्या महिन्यात त्याचं चाक वर फिरवलं की पान खाली जायला लागलं.

दुकानातून घेऊ की ऑनलाइन?

हातात धरून बघायचं असेल तर दुकानातून. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत दहा-बारा माउस हाताळून होतात. ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि आधी डोंगल शोधा. एकदा एका विक्रेत्याकडून आलेल्या खोक्यात माउस होता, सेल होता, डोंगलच नव्हता. व्हिडिओ होता म्हणून पैसे परत मिळाले. बिलावरची तारीख वॉरंटीला लागते, ती एक वर्ष आहे की तीन हे खोक्यावर बघा.

एक क्लिक केलं तर दोनदा क्लिक होतं. दुरुस्त होतं का?

आतल्या छोट्या स्विचची पत्री थकली की असं होतं. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाले स्विच बदलून देतात, पण पाचशेच्या माउसवर तेवढा खर्च परवडत नाही.

जुन्या माउसचं काय करू?

ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, आणि देताना सेल काढून वेगळा द्या. चालू असेल तर कुणाला तरी देऊन टाका, फक्त डोंगल लॅपटॉपमध्येच राहिलाय का ते बघा. माझ्या ड्रॉवरमध्ये असे तीन डोंगल पडून आहेत, त्यांचे माउस कुणाच्या घरी आहेत ते आता आठवत नाही.